सजावट, फोटो, जेवण एकाच पॅकेजमध्ये द्यावं का?

प्रश्न: फोंड्यात लग्नाच्या सजावटीची कामं घेतो. फोटोग्राफर आणि केटररसोबत एकत्र पॅकेज द्यायचं म्हणतोय. बिल माझ्या नावावर केलं तर चालेल?

उत्तर १: नकोच. 6 लाखांचं बिल तुमच्या नावावर फाडलं, तर वाटा दीड लाखाचा असला तरी उलाढाल 6 लाखच धरली जाते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख. अशी चार लग्नं झाली की ओलांडलीच. कोटेशन एकत्र द्या, बिलं तिघांची वेगळी.

उत्तर २: खरी भांडणं हॉलवर होतात. पार लाइट (स्टेजवरचे फोकस दिवे), साउंड आणि केटररचं हीटर एकाच लाइनीवर जोडलं की ऐन मंगलाष्टकांत एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो. 15 अँपिअरच्या सॉकेटवर साधारण 3 किलोवॅटच घ्या. प्रत्येकाकडून वॅट आधी लिहून मागवा. आणि स्टेजवर निळे-जांभळे दिवे फोटोग्राफरला विचारल्याशिवाय मारू नका. नवरीच्या चेहऱ्याचा रंग जातो, मग अल्बमचं खापर सगळ्यांवर.

उत्तर ३: काम आणून देणाऱ्याला कमिशन ठेवलंच, तर ग्राहकाचे पूर्ण पैसे आल्यावरच द्यायचं. तारीख रद्द झाल्यास कोणी किती आगाऊ परत करायचे, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. हे पावसाळ्यातच उरका. तुळशीचं लग्न झालं की बोलायला कोणी सापडत नाही.