क्रीट (ग्रीस): सासू-सासऱ्यांबरोबर आठवडाभर, काय बघावं नि काय गाळावं?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्रीटला जायचं ठरलंय. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. अथेन्समार्गे हेराक्लिओनला उतरणार. व्हिसा आणि आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट) हातात आहेत, गाडी भाड्याने घेऊ.

खरी अडचण अंतरांची आहे. बेट पूर्व-पश्चिम २६० किमी पसरलंय आणि मध्ये सिलोरितिससारखे २,४५६ मीटरचे डोंगर. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा हेराक्लिओनजवळ, तर हानियाचं व्हेनिशियन बंदर, समारियाची घळ, एलाफोनिसीचा गुलाबी वाळूचा किनारा सगळं पश्चिमेला. त्यात नवऱ्याला एका दिवसात बोटीने सांतोरिनी 'उरकायचं' आहे. मला हे अजिबात पटत नाहीये. जाऊन-येऊन चार तास बोटीत आणि मधल्या वेळात गर्दीत फोटो!

सासऱ्यांना स्पिनालोंगा हे छोटं बेट बघायचंच आहे. १९०३ ते १९५७ या काळात तिथे कुष्ठरुग्णांना ठेवत असत. ते आनंदवनात जाऊन आलेत, तेव्हापासून हा विषय त्यांच्या डोक्यात आहे. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण "तुम्ही जा, मी बसते इथे" हे त्यांच्या तोंडून कधी येणार नाही. समारिया पूर्ण १६ किमी त्यांना झेपणार नाही, मग थोडी तरी दाखवता येईल का? मुक्काम एकच ठेवावा की दोन? आणि त्या अंडंही खात नाहीत, त्यांच्या जेवणाचं काय?

प्रतिसाद:
मुक्काम दोन करा, आधी हेराक्लिओन, मग हानिया. दोन्ही गावांत १४० किमी आहेत, रोज ये-जा केलीत तर सुट्टी गाडीतच जाईल. परतीचं विमान हानियाहून मिळालं तर उत्तमच. गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

क्नोसोसला सकाळी उघडतानाच पोचा, नंतर क्रूझवाल्यांच्या बसेस येतात. तिथले लाल खांब आणि रंगीत भिंती बऱ्याचशा उत्खनन करणाऱ्या आर्थर एव्हान्सने विसाव्या शतकात काँक्रीट ओतून उभ्या केलेल्या आहेत. काहींना ते खटकतं, मला नाही खटकलं. पण बैलावरून उडी मारणाऱ्याचं मूळ चित्र हेराक्लिओनच्या म्युझियममध्ये आहे, तिथे घाई करू नका. सासरे इतिहासप्रेमी दिसतायत, त्यांना फेस्तोसचा प्राचीन राजवाडाही दाखवा. तिथे अशी फेरबांधणी फारशी नाही, आणि टेकडीवरून मेसाराचं अख्खं मैदान दिसतं.

समारिया खालून करा. होरा स्फाकियोनहून बोटीने आयिया रूमेलीला जायचं (त्या गावाला गाडीरस्ताच नाही) आणि तिथून वर 'लोखंडी दरवाजा'पर्यंत चालायचं. दोन्हीकडे शेकडो फूट उंच सरळ कडे आणि मधली फट जेमतेम तीन-चार मीटर. चढ मामुली आहे, पण वाट नदीतल्या गोट्यांवरून जाते. सासूबाईंना काठी आणि जाड तळाचे बूट हवेतच. जमेल तिथून परत फिरा, फक्त परतीच्या बोटीची वेळ आधी बघून ठेवा. पाऊस असेल तर घळ बंद ठेवतात, म्हणून एक दिवस हाताशी राखा.

स्पिनालोंगाला प्लाकाहून जा, बोट दहाएक मिनिटांत पोचते. बालोसचा किनारा मात्र गाळा, गाडीतळापासून बरंच उतरून तेवढंच परत चढावं लागतं. एलाफोनिसीचं पाणी उथळ आहे, गुडघ्यांना काही त्रास नाही. सांतोरिनीबद्दल मी तुमच्या बाजूने!

जेवणाची काळजी नको. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. फावा म्हणजे डाळीचा लगदा, आपल्या घट्ट वरणासारखा लागतो. डाकोसमध्ये जवाच्या टोस्टवर टोमॅटो आणि चीज असतं. हॉटेलात 'निस्तिसिमो' म्हणजे उपासाचं मागितलंत तर मांस, दूध, अंडं काहीच येत नाही. मात्र त्यांच्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो, तेव्हा घास घेण्याआधी विचारून घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार! ऑक्टोपसचं वाचून सासूबाईंनी ठेपल्यांची संख्या वाढवली आहे. एक राहिलं: फेस्तोसला सावली आहे का, की तेही सकाळीच उरकावं? आणि हेराक्लिओनहून हानियाला जाताना वाटेत रेथिम्नोला दोन-तीन तास थांबलो तर जुन्या गावाजवळ गाडी लावायला जागा मिळते का?