30 लाखांत 40 टक्के हिस्सा द्यावा का? चटणीचा व्यवसाय आहे, सल्ला हवा

चटणीवाली_गडहिंग्लज

नमस्कार मंडळी. गडहिंग्लजला माझा कांदा-लसूण चटणीचा उद्योग आहे. शेजारपाजारच्या ऑर्डरींपासून सुरुवात झाली. आता दोन कांडप यंत्रे आहेत, अकरा बायका कामाला येतात, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या किराणा दुकानांत माल जातो. गेल्या वर्षी उलाढाल 1 कोटी 60 लाख झाली, त्याआधी 1 कोटी 10 लाख होती. नफा 19 लाख. शेड सासऱ्यांची, तिचे भाडे नाही. मी पगार घेत नाही, घरात लागेल तसे काढते. मशिनरी घसारा वजा जाता 18 लाखांची, गोदामात 27 लाखांचा माल, दुकानदारांकडून येणे 21 लाख. मशिनरीचे बँक कर्ज 9 लाख उरलेय आणि मिरचीवाल्यांचे 7 लाख देणे आहे.

आता 30 लाख हवेत. त्यातल्या 18 लाखांची मिरची भरायची. संकेश्वरी मिरची हंगामात आमच्याच बाजार समितीत येते. तेव्हाच भरून शीतगृहात टाकली तर पावसाळ्यात मिळेल त्या भावाने घ्यावी लागणार नाही. उरलेल्या 12 लाखांत पाऊच पॅकिंगचे यंत्र घ्यायचे आणि पुण्यात विक्री सुरू करायची.

सासऱ्यांच्या ओळखीचे पुण्याचे एक गृहस्थ म्हणतात, 30 लाख देतो, 40 टक्के हिस्सा द्या. घरात सगळे खूश आहेत. सासरे म्हणतात, "एवढा विश्वास कोण टाकतंय आपल्यावर?" मला आकडा खुपतोय. पण जास्त मागायचे म्हटले की जीभ उचलत नाही. जमीन गहाण टाकायची नाही, हे घरात पक्के आहे. माझ्या धंद्याची किंमत मी कशी सांगू? आणि सांगितली आणि ते निघून गेले तर?

---

हिशेबनीस_नाशिक

ताई, मी सीए आहे, नाशिकमध्ये प्रॅक्टिस करते. लहान उद्योगांचीच कामे माझ्याकडे येतात, आणि त्यांत बायकांचे उद्योग बरेच आहेत. तुमचा प्रश्न वाचून लगेच कागद-पेन घेतले.

30 लाखांना 40 टक्के, म्हणजे पैसे आल्यानंतर सगळ्या धंद्याची किंमत 75 लाख. त्यातून त्यांचेच 30 वजा करा. आज तुम्ही जे उभे केले आहे त्याला ते 45 लाख म्हणतायत. आता तुमचेच आकडे घ्या. मशिनरी 18, माल 27, येणे 21, एकूण 66. देणी 16. उरले 50 लाख. म्हणजे उद्या शटर ओढून सगळे विकले, येणे वसूल केले, तरी हिशेबाने त्यांच्या बोलीपेक्षा 5 लाख जास्त हातात येतात. तीन जिल्ह्यांतली दुकाने, एका वर्षात 50 लाखांनी वाढलेली विक्री, तुमच्या हाताची चव, या सगळ्याची किंमत त्या बोलीत शून्याच्याही खाली आहे.

पण मला याहून जास्त टोचले ते दुसरेच. तुमचा 19 लाख नफा हा खरा नफा नाही. प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्यात, मालकाचा पगार खर्चात धरत नाहीत, त्यामुळे तुमचे राबणे ताळेबंदात कुठेच दिसत नाही. महिना 50,000 धरला तर वर्षाचे 6 लाख. शेडचे भाडे महिना 15,000 धरा, 1 लाख 80 हजार. हे वजा केल्यावर धंद्याचा नफा राहतो 11 लाख 20 हजार. आता बघा. पगार आणि भाडे न लावता 40 टक्के भागीदार घेतलात, तर या 7 लाख 80 हजारांतलेही 40 टक्के, म्हणजे दरसाल 3 लाख 12 हजार त्यांच्या वाट्याला जातात. दहा वर्षांच्या आत त्यांचे 30 लाख नुसत्या तुमच्या मेहनतान्यातून आणि सासऱ्यांच्या शेडमधून वसूल होतात. चटणीच्या धंद्यातला वाटा वेगळाच. हे सासऱ्यांसमोर बसून त्यांना आकड्यानिशी दाखवा. विश्वास कोण कोणावर टाकतंय, ते त्यांना लगेच कळेल.

काय मागायचे? 18 लाखांच्या मिरचीसाठी हिस्सा विकूच नका. मिरची वर्षभरात चटणी होऊन विकली जाते, पैसा परत येतो. दिलेला हिस्सा परत येत नाही. हिस्सा द्यायचाच तर फक्त 12 लाखांसाठी द्या, आणि आजच्या धंद्याची किंमत 1 कोटी 20 लाख सांगा. म्हणजे 1 कोटी 32 लाखांत 12 लाख, साधारण 9 टक्के. पगार-भाडे वजा केलेल्या नफ्याच्या पावणेअकरा पट होते. विक्रीची वाढ बघता मला ही मागणी अवास्तव वाटत नाही.

हिस्सा देण्याआधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा. साध्या भागीदारीत एकाने धंद्यासाठी काढलेल्या कर्जाला दुसऱ्याचे घरदारही जबाबदार धरले जाते. कंपनीत संचालक म्हणून तुमचा पगार पहिल्या महिन्यापासून लावा. शेडचा भाडेकरार सासऱ्यांच्या नावे करा. ब्रँडच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी केली नसेल तर बोलणी पुढे नेण्याआधी वर्ग 30 मध्ये, म्हणजे मसाले-चटण्यांच्या वर्गात, अर्ज टाका.

आणि हे नीट ऐका. कंपनीत काही मोठ्या निर्णयांना विशेष ठराव लागतो, आणि त्याला 75 टक्के मते लागतात. ज्याच्याकडे 25 टक्क्यांहून जास्त आहे तो असा ठराव एकटा अडवू शकतो. नव्या गुंतवणूकदाराला शेअर द्यायलाही विशेष ठराव लागतो. 40 टक्के आज दिलेत तर पुढच्या वेळी पैसे उभे करताना त्यांच्याच दारात उभे राहावे लागेल.

---

लेथ_सांगली

वहिनी, माझे सांगली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. वर नाशिकच्या ताईंनी पगाराचा मुद्दा मांडला तो लाख मोलाचा. किमतीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. किराणा मालात पावणेअकरा पट नफा धरून पैसे देणारा सहज भेटत नाही. 80-90 लाखांवर बोलणी थांबतील अशी तयारी ठेवा. सुरुवात मात्र 1 कोटी 20 नेच करा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मिरचीचे पैसे बँकेतून काढा. लहान उद्योगाला खेळते भांडवल देताना अपेक्षित उलाढालीच्या किमान 20 टक्के धरायचे, हा रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचा जुना निकष आहे. पुढच्या वर्षी 2 कोटींचा अंदाज दाखवलात तर 40 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तसे काढायचे आणि भरायचे कर्ज, मागता येते. तुम्हाला 18 च हवेत. जमिनीची भीती असेल तर शाखेत सीजीटीएमएसई या कर्जहमी योजनेचे नाव घ्या. त्यात तारणाऐवजी सरकारी ट्रस्ट बँकेला हमी देतो, आणि महिलांच्या उद्योगाला हमीचा टक्का जास्त असतो. फक्त ध्यानात ठेवा, ही हमी बँकेला असते. कर्ज आपल्याला फेडावेच लागते. मॅनेजर "तारण आणा" म्हणाला तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या, दुसऱ्या शाखेत जा, तिसऱ्या बँकेत जा. आमच्या वसाहतीत पहिल्या नकाराला घरी बसलेली माणसे तिथेच राहिली.

पॅकिंगच्या यंत्राला पीएमएफएमई बघा. 2020 ची केंद्राची योजना आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान, कर्जाला जोडून. अर्ज सध्या घेतायत का ते कृषी कार्यालयात विचारा. मिळाले तर पुण्याच्या पाहुण्यांची गरजच किती उरते ते बघा.

---

मंडई_वितरक

पुण्यात मसाल्यांचे वितरण करतो. यंत्राइतकाच पैसा उधारीत अडकतो, तो 12 लाखांत धरलाय का? मोठी दुकाने 60-60 दिवस पैसे देत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असे 2006 चा कायदा सांगतो. व्याज कोणी मागत नाही, पण बिलावर ओळ दिसली की चेक लवकर निघतो. आणि पहिल्या वर्षी सगळे पुणे धरू नका. कोल्हापूर-सांगलीची माणसे जिथे राहतात तेवढेच भाग घ्या, तिथे चव समजावून सांगावी लागत नाही.

---

चटणीवाली_गडहिंग्लज

सगळ्यांचे मनापासून आभार. 3 लाख 12 हजारांचा हिशेब काल रात्री सासऱ्यांना दाखवला. ते बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, शेडचं भाडं मला नको, पण तुझा पगार लाव. मी म्हटले, दोन्ही लागणार.

उधारीचे पैसे मी धरले नव्हते. आता पुण्याचा आकडा पुन्हा मांडते. बँकेत सोमवारी जातेय. पुण्याच्या पाहुण्यांना 9 टक्क्यांचा आकडा मीच सांगणार, सासऱ्यांच्या तोंडून नाही.

दोन शंका. ते नाही म्हणाले तर दुसरे कोण? माझे सात-आठ जुने दुकानदार प्रत्येकी एक-दोन लाख द्यायला तयार होतील. आणि पगार 50,000 लावला तर जास्त दिसेल का? मला स्वतःलाच तो आकडा लिहिताना कसेसेच होते.

---

हिशेबनीस_नाशिक

दुकानदारांचा विचार उत्तम आहे. 1907 साली टाटांच्या पोलाद कारखान्याला लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना. मग त्यांनी मुंबईत लोकांसमोर भाग काढले, आणि तीन आठवड्यांत सुमारे 8,000 लोकांनी सगळे भांडवल भरले. मोठ्या पैशाने पाठ फिरवली म्हणून त्यांनी बेत आवरता घेतला नाही. तुम्हाला मात्र एक मर्यादा आहे: प्रायव्हेट कंपनीला लोकांना जाहीर आवाहन करता येत नाही. त्यामुळे व्हॉट्सअॅप गटावर "पैसे गुंतवा" असे लिहू नका. ठरलेल्या, नावानिशी माणसांनाच शेअर देऊ करायचे, वर्षात जास्तीत जास्त 200 जणांना, आणि तेही कागदपत्रे रीतसर करून. सात-आठ जण म्हणजे काहीच अडचण नाही. आधी किंमत ठरवा, सगळ्यांना तीच सांगा.

पगाराचे असे करा. मिरचीची पारख, भाजणीवर देखरेख, अकरा जणींचे काम, दुकानदारांची वसुली, हे सगळे करणारा माणूस तुमच्याजागी ठेवायचा झाला तर किती मागेल, ते गडहिंग्लजमध्येच दोघा-तिघांना विचारा. बहुधा एका माणसात हे भागणार नाही. जो आकडा येईल तो लिहा. 50,000 पेक्षा जास्त आला तरी तोच लिहा, आणि नफ्याचा हिशेब त्यावरून पुन्हा मांडून मला पाठवा, पाहुण्यांच्या भेटीआधी बघून देते.