जुन्या डच चित्रांमधल्या 'नार हेट लेव्हन'ला मराठीत काय म्हणाल?

सोळाव्या शतकाच्या शेवटचं हार्लेम (नेदरलँड्समधलं शहर), हेन्ड्रिक गोल्त्सियस, कारेल व्हान मांडर वगैरे चित्रकार मंडळी, यांच्यावरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात 'नार हेट लेव्हन' सारखं येतं, इंग्रजीवाले फ्रॉम लाइफ म्हणतात. मी 'सजीव चित्रण' लिहिलंय पण खटकतंय. आणि ब्लॅक चॉकला 'काळा खडू' लिहिलं तर शाळेतला फळा आठवेल का लोकांना?

—

'सजीव' नकोच. व्हान मांडरच्या 1604 च्या पुस्तकात याच्या समोरचा शब्द 'निर्जीव' नाहीये, 'आउट देन खेस्ट' आहे, म्हणजे मनाने काढलेलं. मेलेला मासा समोर ठेवून काढला तरी ते नार हेट लेव्हनच. त्यामुळे मी सरळ 'समोर पाहून' लिहीन.

—

+१. पण माणूस असेल तर 'मॉडेल बसवून' लिहा ना, आर्ट स्कूलवाले तसंच बोलतात, 'आज लाइफ आहे, मॉडेल बसलंय'. झाडाला आणि डोंगराला 'समोर पाहून' ठीक आहे.

—

खडूबद्दल. हा फळ्यावरचा खडू नव्हे, काळा खडू म्हणजे जमिनीतून निघणारा मऊ काळा दगड, त्याच्या कांड्या कापून त्याने काढायचे, आणि लाल म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊबंद. खडू कोळशापेक्षा बरा टिकतो, कोळसा फुंकर मारली तरी उडतो. गोल्त्सियसने 1594 मध्ये आडवी झालेली विवस्त्र बाई काढली ती काळ्या खडूतच, आणि पुढे ॲमस्टरडॅममध्ये फ्लिंक आणि बाकर हे चित्रकार निळ्या कागदावर काळा खडू वापरून वर पांढऱ्याने उजेड द्यायचे, फार देखणं दिसतं ते. 'काळा खडू'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा द्या.

—

छान, खडू ठरला. आता न्यूडला काय? 'नग्नचित्र' लिहिलं की घरचे विचारतात काय वाचतेयस.

—

'न्यूड स्टडी' चालतं की, उगाच संस्कृत कशाला. बाय द वे 1681 मध्ये आंद्रिएस पेल्स नावाच्या कवीने रेम्ब्रांटला झोडपलं होतं, ग्रीक व्हीनस सोडून धोबीण मॉडेल म्हणून घेतो आणि अंगावरचे चोळीच्या नाड्यांचे आणि मोज्यांच्या बंधांचे वळसुद्धा काढतो म्हणून. शिव्याच होत्या त्या, पण मनाने काढणाऱ्याला असले वळ सुचतील का? लेखात हे टाकाच, 'समोर पाहून'चा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

—

टाकते. फक्त 'मॉडेल बसलंय' की 'बसलीय'?

—

बाई असली तरी आमच्यात 'बसलंय'च म्हणतात. लेखात मात्र 'बसलीय' लिहा.