आईची केमो चालू आहे, गॅनोडर्माच्या कॅप्सूल देऊ का?

सायली_पुणे:
आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, दोन केमो झाल्या, तिसरी मंगळवारी. काल काकू गॅनोडर्मा म्हणजे रेशी मशरूमच्या कॅप्सूल देऊन गेली, म्हणे जपानमध्ये मशरूमनेच कॅन्सर बरा करतात, सरकारची मान्यता आहे. आई केमोला इतकी कंटाळलीये की म्हणते आता हेच घेते, केमो नको. काकू मायेनेच करतेय पण मला रात्रभर झोप नाही. खरं काय आहे?

मायक्रोबायो:
ताई, केमो अजिबात थांबवू नका. जपानचं अर्धंच खरंय. तिथे 1977 मध्ये टर्की टेल अळंबीतल्या पीएसके या औषधाला मान्यता मिळाली आणि 1985 मध्ये शिटाके अळंबीतल्या लेंटिनानला, जे इंजेक्शनने द्यायचे, पण ही औषधं केमोच्या जोडीला होती, केमोऐवजी नाही. त्यातलं बीटा-ग्लुकान नावाचं द्रव्य गाठीला थेट मारत नाही, आपल्या मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना वगैरे जागं करतं. आणि गॅनोडर्मा ही अळंबीच वेगळी, नारळाचा बुंधा सडवते ती याच कुळातली. लॅबमधल्या डिशमध्ये तिच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरंय, पण डिश म्हणजे माणूस नाही ना. 2012 चा गॅनोडर्मावरचा कोक्रेन रिव्ह्यू बघा, म्हणजे झालेल्या ट्रायल एकत्र तपासणारा अहवाल, 5 ट्रायल, 373 पेशंट. केमो किंवा रेडिएशनसोबत घेतलं त्यांना थोडा जास्त फायदा दिसला, नुसतं घेऊन गाठ कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि त्या ट्रायलही फार भक्कम नव्हत्या.

औषधवाली_माई:
मी फार्मासिस्ट आहे. गॅनोडर्माने रक्त गोठायला वेळ लागू शकतो आणि केमोत प्लेटलेट आधीच खाली येतात, शिवाय पावडर घेऊन लिव्हरला त्रास झालेले पेशंटही नोंदलेत. आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर आजच थांबवा, गोळी नाही हो, कॅप्सूल! आणि बाटली डॉक्टरांना दाखवा, नुसतं नाव सांगून भागत नाही, आत पावडर आहे का अर्क, किती मिलिग्रॅम, ते लेबलवरच कळेल.

निर्मला६२:
माझ्या केमोच्या वेळी मीही असंच एक चूर्ण घरच्यांपासून लपवून घेत होते. आईला रागावू नकोस गं, तिला विचार केमोत नेमका कशाचा त्रास होतोय. माझा उलट्यांचा होता, डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पुढच्या केमो मी निभावल्या.

सायली_पुणे:
माई, इकोस्प्रिन चालू आहे तिला! कॅप्सूल काढून ठेवल्या. निर्मलाकाकू, आत्ताच विचारलं, तोंड आलंय म्हणाली, चार दिवस नीट जेवलीच नाहीये आणि मला बोलली नाही. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते.