एल्कच्या शिकारीसाठी कोणत्या बोअरची रायफल घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोलोरॅडोत राहते. हंटर एज्युकेशनचं कार्ड झालंय, ऑक्टोबरात मादी एल्कच्या (एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण) परवान्यावर डोंगरात जायचंय. घोडं अडलंय ते रायफलपाशी.

इथला नियम असा: एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (म्हणजे बोअर, इंचांत), लागल्यावर फुलणारी गोळी, तिचं वजन किमान ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. म्हणजे .२४३ विंचेस्टरसुद्धा चालते. पण कायद्यात बसते म्हणून एवढ्या जनावरावर ती झाडावी, हे पटत नाही. एल्कची मादीही सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. ती जायबंदी होऊन रानात शिरली आणि माग हरवला, तर तडफडत मरणार. मला टाळायचंय ते हेच. किंमत वगैरे नंतर बघता येईल.

समोर चार पर्याय आहेत: ६.५ क्रीडमोर, .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विन मॅग. चारही काडतुसं गावोगावच्या दुकानांत मिळतात. दुकानदार म्हणतो, एल्क म्हणजे मॅग्नमच, म्हणजे जास्त दारूची .३०० विन मॅग. रेंजवरचे एक आजोबा .३०-०६ सोडून दुसरं नाव घेत नाहीत. १९०६ पासून चालत आलेलं काडतूस आहे, त्यांचं म्हणणं उगाच नसणार.

पण मी अंगाने बारीक. ओळखीच्या एकांची .३०० विन मॅग चालवून पाहिली, तर थोड्याच वेळात चाप ओढायच्या आधीच खांदा आक्रसायला लागला आणि गोळ्या खाली जाऊ लागल्या. २५० यार्डांपलीकडे मी बार टाकणार नाही, हे नक्की. अशा वेळी कमी धक्क्याची रायफल घेतली तर जनावरावर अन्याय होईल का? ज्यांनी स्वतः एल्क मारलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, .३०८ घ्या. १६५ ग्रेनची गोळी, बाँडेड किंवा अख्ख्या तांब्याची.

.३०० विन मॅग १८० ग्रेनची गोळी सेकंदाला २९५० फुटांच्या आसपास वेगाने फेकते. त्या वेगाचा खरा फायदा दिसतो ४०० यार्डांपुढे, आणि तिथे तुम्ही बार टाकणारच नाही. धक्का मात्र प्रत्येक बाराला सोसायचा, तोही क्रीडमोरच्या जवळपास दुप्पट. गोळी दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेली तर .३०८ ने एल्क लांब जात नाही. पोटात लागली तर मॅग्नमही उपयोगाची नाही.

बोअरपेक्षा गोळीची बांधणी जास्त बघा. हरणासाठीची पातळ आवरणाची गोळी एल्कच्या फऱ्याच्या हाडावर आपटली की तिथेच फुटते, आत पोचत नाही. बाँडेड गोळीत शिसं आवरणाला घट्ट चिकटवलेलं असतं, त्यामुळे ती फुलते पण बरचसं वजन राखून आत शिरते.

आणखी एक, दस्त्याची लांबी मापून घ्या. बारीक अंगाच्या माणसाला सरसकट दस्ता लांब पडतो, मग रायफल खांद्यावर नीट बसत नाही आणि .३०८ सुद्धा जोरात लागते. फार हलकी रायफलही घेऊ नका. चढावर बरी वाटते, पण धक्का वाढतो. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावला तर धक्का कमी होतो खरा, पण आवाज कानठळ्या बसवणारा, सोबतच्यांनाही त्रास.

प्रतिसाद

क्रीडमोरही बाद करू नका. १४० ग्रेनच्या वरची बाँडेड गोळी आणि २५० यार्डांची मर्यादा असेल तर मादी एल्कला पुरते. मात्र जनावर आडवं उभं राहून फऱ्याच्या लगेच मागे नेम मिळेपर्यंत थांबायची तयारी हवी. जनावर तिरकं उभं असेल तर .३०८ ची जड गोळी जास्त भरवशाची.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. .३०८ चं नक्की करते, दस्ता मापूनच घेईन. आता तांबं की बाँडेड, एवढंच राहिलंय. मांस घरी लहान मुलंही खाणार, शिशाचे कण नकोत म्हणून मन तांब्याकडे झुकतंय. तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब असते, मग १५० ग्रेनची घेऊ का? कोणी .३०८ मधून वापरली असेल तर २०० यार्डांवर ती नीट फुलते का, तेवढं सांगा.