जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर आणि इंजिनचा आवाज : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आपल्या कोल्हापुरात १५ वर्षं ओलांडलेल्या गाड्या काही कमी नाहीत. नोंदणीचं नूतनीकरण करून पुढची ५ वर्षं मिळवलेल्या, घरच्यांचा जीव जडलेल्या. या गाड्यांची दोन दुखणी बऱ्याचदा जोडीनंच येतात : डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि बॉनेटखालून टकटक सुरू होते. मग गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, "इंजिन उतरवायला लागतंय." कधी ते खरं असतं. कधी बिघडलेला असतो नुसता हा दिवा लावणारा काहीशे रुपयांचा स्विच. आणि याच्या उलटही घडतं : "जुनी गाडी आहे, दिवा लागायचाच" म्हणत चालवत राहिलेल्या गाडीचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) कामातून जातो.

म्हणून हा धागा. आवाज कुठून आणि कधी येत होता (गार इंजिनात की तापल्यावर, रेस देताना की सोडताना), प्रेशर गेज लावून मोजलं का, आणि शेवटी निघालं काय, एवढं जरूर लिहा. कंपनीचं नाव नको. पेट्रोल की डिझेल आणि अंदाजे वय पुरे.

एक गोष्ट आधीच सांगते. चालत्या गाडीत लाल दिवा पेटून राहिला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या चौकापर्यंतसुद्धा नेऊ नका. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला तेलाचा थर मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकाच असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. थोडं थांबून डिपस्टिक बघा. तेल कमी असेल तर भरा. तेल बरोबर असूनही दिवा विझत नसेल तर गाडी टो करूनच न्या.

कागलहून

पेट्रोल, १६ वर्षं जुनी. नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत जाते, इंजिन तापतं, आणि नेमका त्याच वेळी आयडलला (रेस न देता) दिवा लुकलुकायचा. जरा रेस दिली की विझायचा. तेल पातळीवर, आवाज काही नाही. एका गॅरेजनं हाफ इंजिनचा (इंजिन निम्मं खोलून करायच्या कामाचा) खर्च काढून दिला. मी म्हटलं, आधी मोजून घेऊ.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ऑइल प्रेशर स्विच काढून त्याच आट्यांत मेकॅनिकल गेज बसवला. गार इंजिनला ३.५ किलो, तापल्यावर आयडलला १.२, आणि २५०० आरपीएमला ३ किलो. (मिस्त्रींचा किलो म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.) स्विचच्या पिनेपाशी तेल पाझरलं होतं, आतला पडदा फाटलेला. नवा स्विच बसवला, तेवढ्यावर काम झालं. मिस्त्री म्हणाले, "इंजिन चांगलं हाय की ओ तुमचं, कशाला खोलताय?"

उद्यमनगरहून

मी इंजिनचीच कामं करतो. आमच्याकडं क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, कास्टिंग सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. ऑइल इंजिनं आणि फाउंड्र्या यांच्यावरच हा भाग वाढला. त्यामुळं इंजिन खोलणं इथं सोपं झालंय, आणि सोपं आहे म्हणून न मोजता खोललं जातं. हे मला अजिबात पटत नाही.

कागलच्या साहेबांनी केलं ते बरोबर. दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ किलोच्या आसपास काम करतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ प्रेशर पुरेसं आहे असा होत नाही, ते अगदी शून्याजवळ नाही एवढाच होतो. हायवेला ३००० आरपीएमवर पाऊण किलो प्रेशर असलं तरी दिवा विझलेलाच राहणार आणि बेअरिंग आतल्या आत झिजत जाणार.

मोजायच्या आधी तेलाची पातळी बघा आणि तेलाचा वास घ्या. पेट्रोल-डिझेलचा वास येतोय, किंवा न भरता पातळी वाढलीय, तर इंधन तेलात उतरतंय. पातळ झालेलं तेल प्रेशर धरत नाही. मग गेज. गाडी चांगली तापवा, रेडिएटरचा पंखा एकदा लागून जाऊ दे, त्यानंतरचं रीडिंग खरं. गार तेल घट्ट असतं, झिजलेल्या इंजिनातसुद्धा ते काटा वर नेऊन दाखवतं. मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच धरायचा. नाहीच मिळाला तर दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो, हा जुना अंदाज.

लोक सगळ्यात आधी पंपावर आळ घेतात. पंप तेल नुसतं ढकलतो. बेअरिंगच्या फटी बारीक असतात म्हणून तेल अडतं आणि त्या अडण्यातून प्रेशर उभं राहतं. फट वाढली की तेल सहज निसटतं. नुसता पंप बदलूनही प्रेशर न आलेल्या गाड्या माझ्याकडं येत राहतात, त्या यामुळंच. जास्तीचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह मात्र लवकर बघावा. स्प्रिंग तुटली असेल किंवा कचरा अडकून व्हॉल्व्ह उघडाच राहिला असेल, तर गार इंजिनलासुद्धा प्रेशर कमी दिसतं. झिजलेल्या बेअरिंगचं तसं नसतं, ते गार असताना बरं दाखवतं आणि तापल्यावर खाली येतं. एवढा फरक गेजवरून कळतो.

आता आवाज. वरच्या बाजूनं येणारी हलकी टकटक, इंजिनच्या निम्म्या वेगाची, ती टॅपेटची. टॅपेट आणि त्यांच्यामार्फत व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. खालून येणारा जड ठोका, चढाला किंवा रेस देऊन सोडताना वाढणारा, तो बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतात तिथल्या बेअरिंगचा). क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगचा त्याहून जड, घुमल्यासारखा, लोड आल्यावर गाडीच्या तळातून जाणवतो. गार इंजिनात येणारा आणि तापल्यावर जाणारा थपथप आवाज पिस्टनचा. त्यावर गाडी बरीच वर्षं चालते, घाई करू नका.

कुठल्या सिलिंडरचा ठोका, हे शोधायला एकेक सिलिंडर बंद करून बघतो. पेट्रोलला इंजेक्टरचा कपलर काढून, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला इंजेक्टर पाइपचा नट सैल करून. जो बंद केल्यावर आवाज दबतो, त्याचंच बिग एंड. कॉमन रेल (खूप जास्त प्रेशरच्या इंधन यंत्रणेच्या) डिझेलला मात्र पाइप सैल करायचा नाही, तिथलं प्रेशर कातडीतून डिझेल आत घुसवतं. आणि इंजिनला दोष द्यायच्या आधी फॅन बेल्ट काढून (टायमिंग बेल्ट नव्हे) मिनिटभर इंजिन चालवून बघा. अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं तरी माणूस इंजिनच गेलं समजतो.

गगनबावड्याहून

पेट्रोल, १४ वर्षं. मी शिक्षिका आहे. करूळ घाटात वळणाला दिवा क्षणभर लागायचा, सरळ रस्त्याला आलं की विझायचा. तिथंच गाडी कडेला लावून बघितलं तर तेल डिपस्टिकच्या खालच्या खुणेच्याही खाली. चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भागात) तेल कमी असलं की वळणात ते एका बाजूला सरकतं आणि पंपाची जाळी तेलाऐवजी हवा ओढते.

तेल जात होतं कुठं, हे शोधायला मात्र वेळ लागला, कारण गाडीखाली थेंबही नसायचा. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं आणि गळणारं तेल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळून जात होतं. गाडी थांबवल्यावर येणारा करपट वास हीच काय ती खूण. आता दर रविवारी सकाळी गार इंजिनला, सपाट जागेवर डिपस्टिक बघते. गाडीत त्याच ग्रेडच्या तेलाचा डबा असतोच.

इचलकरंजीहून

डिझेल, १२ वर्षं. माझ्या गाडीचं लक्षण विचित्र होतं. सुरू केल्यावर सगळं ठीक. हायवेला लागून वेग धरला की काही वेळानं टॅपेट वाजायला लागायचे आणि दिवा लागायचा. गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सगळं ठीक! पंप, बेअरिंग, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

शेवटी चेंबर उतरवला, तेव्हा जाळीवर सिलिकॉन पेस्टचे तुकडे आणि काळा गाळ. आधी कुणीतरी चेंबर बसवताना पेस्ट भरमसाट लावली होती. बाहेर दिसते तेवढीच ती आतही पिळून निघते आणि सुटून तेलात पडते. वेगात पंप जोरानं ओढतो तेव्हा कचरा जाळीला चिकटतो, इंजिन बंद केलं की खाली बसतो. जाळी धुऊन, चेंबर साफ करून, सक्शन पाइपची ओ-रिंग नवी घातली. माझी सगळ्यांना विनंती : चेंबर बसवताना स्वतः उभं राहा आणि पेस्टची रेघ बारीक आहे का बघा.

राजारामपुरीहून

थोडक्यात लिहितो. टॅपेटसारखी टकटक, गार असताना जोरात, तापल्यावर जवळजवळ नाहीशी. टॅपेट सेटिंग करूनही तशीच. निघालं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या भागाचं) गळकं पॅकिंग. धातू तापून फुगला की फट मिटायची. पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा पट्टा होता. प्रेशर उत्तम.

हुपरीहून

एक प्रश्न. माझ्या १७ वर्षांच्या पेट्रोल गाडीला मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० ग्रेडचं तेल सांगितलंय. तापल्यावर आयडलला दिवा लुकलुकतो. त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० टाका, दिवा बंद होईल, असं बरेच जण सांगतात. टाकू का?

उद्यमनगरहून

दिवा बंद होईल, हे खरं. घट्ट तेल फटीतून सावकाश निसटतं म्हणून प्रेशर वाढतं. पण फट आहे तेवढीच राहते. सकाळी गार इंजिनला घट्ट तेल वरपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, ते वेगळंच. मोजून प्रेशर थोडंसंच कमी निघालं, खालून ठोका नाही, आणि मॅन्युअलमध्ये आपल्या हवामानासाठी घट्ट ग्रेडची मुभा असेल, तर दादा, बिनधास्त वापरा. ठोका ऐकू येत असेल तर तेल बदलून तो दाबू नका.

पन्हाळ्याहून

डिझेल, १९ वर्षं, वडिलांची गाडी. वाघबीळच्या चढाला खालून ठोका यायला लागला. सपाटीला ऐकूच यायचा नाही, म्हणून घरात कुणाला खरं वाटेना. तापल्यावर गेजवर आयडलला ०.४ किलो, २००० आरपीएमला जेमतेम १. तेल बदलताना जुना फिल्टर कापला, तर घड्यांमध्ये तांबूस चकाकी. लोहचुंबकाला काही चिकटलं नाही. बेअरिंग शेलचा वरचा थर जाऊन आतलं तांबं उघडं पडलंय, हे तिथंच समजलं.

चेंबर उतरवून बिग एंडच्या कॅप काढल्या. क्रँकच्या दोन जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागांवर) नखाला लागतील असे ओरखडे. क्रँक उतरवून ग्राइंड केला आणि ०.५० मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचे जाड) शेल घातले, ज्याला मिस्त्री वीस साइज म्हणतात. ग्राइंडिंगनंतर क्रँकची तेलाची भोकं ब्रश घालून, हवा मारून साफ करायचीच. तिथं राहिलेला किस पहिल्या तासाभरात नवं बेअरिंग खातो. जोडताना प्लास्टिगेजनं (चेपून फट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्यानं) फट मोजली. आता तापल्यावर आयडलला १.५ किलो. वडील पुन्हा स्वतः गाडी चालवत जोतिबाला जाऊन आले, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

(धागाकर्ती : फिल्टर कशानं कापला ते लिहाल का? बऱ्याच जणांना उपयोग होईल.)

पत्रा कापायच्या कात्रीनं. हॅकसॉ वापरू नका, त्याचाच किस आत पडून फसगत होते. कागद बाहेर काढून पिळायचा आणि उन्हात उलगडून बघायचा.

शाहूपुरीहून

२०१९ च्या महापुरात पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. पाणी तिच्या किती तरी वर गेलं होतं. ओसरल्यावर शेजारीपाजारी आपापल्या गाड्यांना सेल्फ मारून बघत होते. माझ्या मामांनी किल्लीच काढून घेतली आणि आधी बॅटरीची वायर सोडवली.

डिपस्टिकवर तेल चहासारखं दुधाळ, म्हणजे पाणी आत गेलेलं. प्लग काढून क्रँक पुलीला पाना लावून हातानं फिरवलं, तर सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी उडाली. सेल्फ मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, कारण पाणी दाबलं जात नाही. तेल आणि फिल्टर बदलून थोडा वेळ चालवायचं, पुन्हा बदलायचं, तेल स्वच्छ निघेपर्यंत हेच. नंतर एका हायड्रॉलिक टॅपेटची टकटक राहिली, तो बदलला. प्रेशर मोजलं, बरोबर. गाडी आजही चालते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी सीटखालचे गंजलेले स्क्रू आणि तेल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघून घ्यावी.

गडहिंग्लजहून

पेट्रोल, १३ वर्षं, टायमिंग चेनची गाडी. सकाळी पहिल्या स्टार्टला खर्र्र असा आवाज येतो आणि थांबतो. दिवसभर पुन्हा नाही. काय असेल?

उद्यमनगरहून

आधी फिल्टर बघा, ताई. फिल्टरच्या आत तेल मागं जाऊ न देणारा एक रबरी व्हॉल्व्ह असतो. तो कडक झाला, किंवा स्वस्त फिल्टरमध्ये धड नसला, तर रात्रभरात तेल चेंबरमध्ये उतरतं आणि सकाळी चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला तेल पोचेपर्यंत चेन वाजते. सकाळी स्टार्ट केल्यावर लाल दिवा विझायला किती वेळ लागतो ते बघा, दोन-तीन सेकंदांत विझायला पाहिजे. चांगला फिल्टर घालूनही खर्र्र राहिलं, किंवा गाडी तापलेली असताना यायला लागलं, तर टेन्शनर आणि चेन बघावी लागेल. येताना गाडी लांबून चालवत, तापवूनच आणा, कव्हरला हात लावायच्या आधी गेज लावू.