शब्दचर्चा : ओव्हरडोस म्हणजे अतिसेवन, अतिमात्रा की विषबाधा?

खलबत्ता : अमेरिकेतल्या फेंटानिल या अफूसारख्या जहाल अमली पदार्थाच्या बळींवर लेख लिहितोय. 'ओव्हरडोस'ला 'अतिसेवन' लिहिलं, पण खटकतंय. किती घेतोय हे घेणाऱ्याला ठाऊक होतं, असा सूर लागतो. दुसरा शब्द सुचवा.

शाईचा डाग : खटकणारच. तिकडे 'एम ३०' ठशाच्या निळ्या नकली गोळ्या विकल्या जातात. अस्सल गोळी ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाची, नकलीत बहुतेकदा फेंटानिल. तेही नीट मिसळलेलं नसतं. एकाच घाण्यातल्या एका गोळीत नावापुरतं, दुसरीत जीव जाईल एवढं. २ मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकतं. माणूस गिळतो एकच गोळी, मग 'अति' त्याने काय केलं? 'अतिमात्रा' लिहा. दोष माणसावरून मात्रेवर सरकतो.

टिचभर : मग सरळ 'विषबाधा' म्हणा की! तिकडेही मुलं गमावलेले कित्येक आईबाप हाच शब्द धरून आहेत.

शाईचा डाग : नकली गोळीपुरता पटतो, सरसकट नको. फेंटानिल मुळात औषध आहे. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास तयार झालं, शस्त्रक्रियेत आजही देतात. शिवाय 'बाधा' म्हटलं की नुसत्या स्पर्शाने होणारं काहीतरी डोळ्यापुढे येतं. हाताला पूड लागली आणि पोलीस कोसळला, या बातम्यांना त्याने बळच मिळेल. कातडीतून ते इतकं झटपट शिरत नाही. वेदनेसाठी मुद्दाम बनवलेली पट्टी चिकटवली, तरी पुरता गुण यायला कित्येक तास लागतात. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्येच हे स्पष्ट केलंय. पूड हाताला लागली तर पाण्याने धुवायची, झालं.

खलबत्ता : पटलं. आणि नॅलोक्सोन या औषधाला 'प्रतिविष' म्हटलंय, चालेल?

टिचभर : 'उतारा' असताना? 'उताऱ्यावरील प्रश्न' आठवले तरी हरकत नाही. नाकात फवारलं की अंमल खरोखर उतरतो.

शाईचा डाग : उतारा झकास! मात्र तो फेंटानिलच्या आधी ओसरू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावतो, म्हणून रुग्णवाहिका बोलवायचीच, हेही लिहा. अन् 'गुंगीत गेला' एवढ्यावर थांबू नका, जीव जातो तो श्वास थांबल्याने. ओठ निळे पडतात, घशात घरघर होते आणि शेजारचा म्हणतो, "घोरतोय, झोपू दे."

खलबत्ता : लेखाची सुरुवात या घरघरीपासूनच करतो. अतिसेवन खोडलं.